तोंडात थर्मामीटर होता, मग बोललं कोण?

भुताखेतावर माझा विश्वास नसायचं एक पक्कं कारण हाय. माझ्या लहानपणी उमरीत आमच्या गल्लीत तीन भुतं होती. त्यातली दोन मीच होतो, अन् तिसरं मांजर निघालं.

खरं सांगून राहिलो. माणसांचे, जनावरांचे, मशिनीचे आवाज काढायची खोड मला शाळेपासूनची. हेडमास्तरच्या आवाजात मी एकदा अख्खी सातवी घरी सोडली होती. तिन्हीसांजेला बाभळीमागून म्हातारीच्या आवाजात हाका मारायचो, गल्लीतली पोरं चड्डीत... जाऊ द्या. सांगायचं एवढंच की आवाज कुठून येतो अन् माणूस त्याला कसा फसतो, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठावं हाय. म्हणून इथं लोक लिहितात ते अनुभव वाचून मी लई हसायचो. "मला मागून हाक ऐकू आली"... अरे, असंल माझ्यासारखंच एखादं टवाळ!

तर आता मीच लिहायला बसलोय. हसायचं तेवढं आधीच हसून घ्या.

मी बालाजी. लातूरला एका खाजगी दवाखान्यात वॉर्ड असिस्टंट हाय. चार वर्षांमागं इथंच नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केला. शिकवायला पाटोळे मॅडम होत्या. तीस वर्षं सिस्टर म्हणून राबलेली बाई, उंचीनं माझ्या खांद्याएवढी, पण वर्गात आली की पंखासुद्धा हळू फिरायचा. मागच्या वर्षा-दोन वर्षात शिकवून शिकवून त्यांचा आवाज बसला. पहिल्यांदा घोगरा झाला, मग फाटका, मग तर असा, की जसं पत्र्यावरून कोणी घमेलं ओढून राहिलं. नांदेडला दाखवलं तर स्वरयंत्रावर गाठ निघाली. साधीच होती, घाबरायसारखी न्हाई, पण ऑपरेशन सांगितलं. अन् त्यानंतर चांगले पाच-सहा आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचं पण न्हाई.

जायच्या आधी मॅडमनी मला बोलावलं. म्हणल्या, "बालाज्या, माझ्या पोरींचं प्रॅक्टिकल तू घे. तुझी दुपारची ड्यूटी मी सांगून बदलून घेते."

मी म्हणलो, "मॅडम, मी अन् मास्तर? पोरी हसतील."

"हसू दे. हसत हसत नाडी मोजली तरी नाडी तीच राहती."

तपासण्या अन् तारखेपायी मॅडम ऑपरेशनच्या महिनाभर आधीच नांदेडला लेकीकडं गेल्या, अन् असा मी मास्तर झालो. दुमजली इमारत, खाली दुकानं, वरच्या मजल्यावर आमचा एक हॉल. दोन लोखंडी पलंग, एक बिन-हाताची बाहुली, भिंतीवर फुप्फुसाचं चित्र. अकरा जण होते वर्गात, नऊ पोरी, दोन पोरं. शिकवायचं काय, तर ताप, नाडी, श्वास अन् बीपी. चार गोष्टी. ऐकायला सोप्या वाटतात ना? तुमच्या शेजाऱ्याचा श्वास एक मिनिट मोजून दाखवा बरं.

तीच तर भानगड हाय. माणसाला सांगितलं की तुझा श्वास मोजून राहिलो, की तो लगेच छाती फुगवून पैलवान होतो. एखादा तर श्वासच धरून बसतो. म्हणून पाटोळे मॅडमची शिकवण अशी, की नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं न्हाई. पेशंटला वाटू द्यायचं की नाडीच चालू हाय. नजर छातीकडं, दुसरी नजर घड्याळाकडं, अन् पुरा एक मिनिट मोजायचं. धडधाकट माणूस बारा ते वीसच्या मधे असतो.

अन् खरं सांगू? कोणी मोजत न्हाई. लई लोक न्हाई मोजत. नाडी झाली की हात सोडायचा अन् श्वासाच्या रकान्यात 'अठरा' ठोकायचं. मी असे कागद बघितलेत की एका वॉर्डात वीस पेशंट, म्हातारे, बाळंतिणी, अपघातवाले, अन् सगळे अठरा! वरातीतल्या बँडवाल्यासारखे सगळे एका तालात. मॅडम ह्याला 'अठराचा रोग' म्हणायच्या. मला तो रोग होता. चांगला जुनाट होता.

माझं ऐकून पोरी काही करत नव्हत्या. मग मी मॅडमचा आवाज काढायला लागलो. तोच फाटका, पत्र्यावरचा. "मनगट सोडू नको गंऽऽ" म्हणलं की निम्म्या पोरी ताठ व्हायच्या अन् निम्म्या खिदळायच्या. बीपीच्या कफमधली हवा सुटल्याचा आवाज, नळीत ऐकू येणारं टक-टक, सगळं तोंडानं करून दाखवायचो. लक्षात राहायचं त्यांना. मी स्वतःला लई मोठा शिक्षक समजून राहिलो होतो.

आता सत्तारचाचा. आमच्या हॉलच्या बरोबर खाली त्यांचं शिलाईचं दुकान. तीन पिढ्यांचं हाय म्हणतात. आमच्या पोरींचे गणवेश तेच शिवतात. वय साठीच्या पुढं, साखर हाय, बीपी हाय, अन् तोंडाला कुलूप न्हाई. दर दोन-तीन दिवसाला मापं घ्यायच्या, फिटिंग बघायच्या निमित्तानं वर यायचे, पलंगावर बसायचे अन् हात पुढं करायचे. "लो बच्चों, मुफ्त का हाथ है, शिका." अख्खी बॅच चाचाच्या हातावर शिकली म्हणलं तरी चालंल. त्यामुळं झालं काय, की चाचाचे आकडे सगळ्यांना पाठ. नाडी चौऱ्याऐंशी, श्वास अठरा, बीपी दीडशे-नव्वद. पाढाच. चाचा जिन्यातून विचारायचे, "मास्टर, आज कितना?" अन् वरून पोरी एका सुरात आकडे म्हणायच्या. माणूस अजून जिन्यातच!

एक कांचन तेवढी वेगळी. रेणापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली पोरगी. मॅडम नांदेडला गेल्यावर उशिरा भरती झालेली. म्हणजे तिनं मॅडमला बघितलेलं न्हाई, ऐकलेलं न्हाई. बोलायची कमी. मोजताना ओठ हलायचे तिचे, अन् दुसऱ्यांचे तीन पेशंट होईपर्यंत हिचा एक व्हायचा. मी तिला 'पॅसेंजर गाडी' म्हणायचो. तीही गालातल्या गालात हसायची बिचारी.

मागच्या उन्हाळ्यातला मंगळवार. दुपारी दोन वाजून गेलेले. लाइट गेलेली, पंखे बंद, खिडक्या उघड्या अन् बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा न्हाई. आमचे सगळ्यांचे मोबाइल दाराजवळच्या टोपलीत. प्रॅक्टिकलला मोबाइल जमा करायचे, हा मॅडमचाच नियम, तो मी मोडला नव्हता.

मी स्टुलावर बसलेलो, तोंडात काचेचा थर्मामीटर. जिभेखाली ठेवून, ओठ मिटून, तीन मिनिटं. पूजा नावाची पोरगी घड्याळ धरून समोर उभी. ती नायगावची, लई फटकळ. म्हणे, "सरांना गप बसवायचा एवढाच एक इलाज हाय, मी पाच मिनिटं ठेवणार."

त्याच्या जरासक आधी चाचा वर आलेले. हातात दोन गणवेश. आले ते सरळ पलंगावर बसले, दम लागलेला. मी थर्मामीटर तोंडात घालायच्या आधी म्हणलो पण, "काय चाचा, म्हातारे झाले काय?"

"जिना तुझ्या बापानं बांधला काय रे एवढा उंच," चाचा म्हणले. पण जोर नव्हता. एरवी ह्याच्यावर चार वाक्यं ऐकवली असती त्यांनी. मला वाटलं, ऊन हाय. घाम तर आम्हाला सगळ्यांनाच आलेला.

दोघी पोरींनी चाचाचा हात घेतला, कफ गुंडाळला, सोडला. माझ्याकडं कागद आणून दिले. चौऱ्याऐंशी, अठरा, दीडशे-नव्वद. मी दोन्हीवर सही करून परत दिले. बघितलं पण न्हाई नीट. काय बघायचं, पाठ होतं की मला.

मग थर्मामीटर माझ्या तोंडात गेला अन् चाचाच्या पलंगापाशी कांचन गेली.

मी सात-आठ फुटांवर. सगळं दिसत होतं. तिनं मनगट धरलं. ओठ हलायला लागले. पुरा मिनिट. मग थबकली, शेजारी ठेवलेल्या त्या दोघींच्या कागदाकडं बघितलं, परत चाचाच्या मनगटाकडं. नंतर तिनंच सांगितलं, तिची नाडी आली होती एकशे सोळा. दोघींची चौऱ्याऐंशी. तिला वाटलं, आपलंच चुकलं. खेड्यातलं लेकरू, तिला कायम आपलंच चुकलेलं वाटायचं... अन् तशी सवय लावायला मीही हातभार लावलेलाच. तिनं मनगट सोडलं अन् पेन उचलला.

"मनगट सोडू नको. छातीकडं बघ. पुरा मिनिट."

आवाज बाईचा. मोठा न्हाई, रागाचा न्हाई. जसं कोणी वळून न बघता, दुसरं काम करता करता सांगतं, तसा. हॉलमधे अक्षरशः सगळ्यांनी ऐकला. अन् सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं अन् फिसकन हसले. कारण दुसरं कोण असणार?

मी तोंडात थर्मामीटर घेऊन बसलेलो. ओठ मिटलेले. मी दाराकडं बघून राहिलो. मला वाटलं मॅडम आल्या. दारात कोणी नव्हतं. मी उठायला लागलो तर पूजानं खांद्यावर चापट मारली, "ओ सर, हलू नका! अजून एक मिनिट हाय. तोंड उघडलं तर पहिल्यापासून धरीन."

हे तिचं वाक्य लक्षात ठेवा.

तिकडं कांचननं दचकून मनगट परत धरलं होतं. नजर छातीवर. ओठ हलून राहिले. हसणं थांबलं अन् एवढं शांत झालं की खालच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊन राहिलं. मिनिट झाला.

"सर," कांचन म्हणली, "छत्तीस येऊन राहिलेत."

मी थर्मामीटर काढला. अन् आता ऐका मी काय म्हणलो ते. मी म्हणलो, "अगं, चाचाचं अठरा असतंय. परत मोज."

त्या पोरीनं पहिल्यांदा मला उलट उत्तर दिलं. "न्हाई सर. छत्तीसच हायेत. तुम्ही या इकडं."

मी गेलो. चाचाचा हात हातात घेतला. एवढ्या उकाड्यात हात गार. गार अन् ओला. मी कफ बांधला, नळी कानात घातली, दोनशेपर्यंत हवा भरली अन् सोडायला लागलो. दीडशेला चाचाचं टक-टक सुरू व्हायचं, मला माहीत हाय ना, हजारदा ऐकलंय, तोंडानं वाजवून दाखवलंय. दीडशेला काही न्हाई. एकशे चाळीस, न्हाई. एकशे वीस, न्हाई. काटा खाली येऊन राहिला अन् कानात नुसती सुनसान. नव्वदच्याही खाली गेल्यावर एकदा बारीक टक झालं.

"चाचा, छातीत दुखतं का?"

"नहीं रे बाबा. सकाळपासून जरा जळजळ... भजी खाल्ली होती काल. जिना चढून आलो ना, म्हणून. आता खाली जातो, दोन घास खातो, जरा पडतो."

पडतो म्हणले. दुकानाच्या मागं त्यांची एक सतरंजी असते, दुपारी शटर अर्धं ओढून तासभर झोपायचे. ते त्या दिवशी झोपले असते तर उठवायला कोण गेलं असतं, सांगा.

मी जोकर हाय, पण पळताना पळतो. खुर्चीत बसवलं, मी अन् वैभव म्हणून वर्गातला एक पोरगा होता, आम्ही दोघांनी खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. एक पायरी चालू दिली न्हाई. पूजानं रस्त्यात आडवं उभं राहून ऑटो थांबवला. पूर्ण रस्ताभर चाचा म्हणून राहिलेत, "दुकान उघडं हाय, अरे दुकान उघडं हाय." अन् कांचन त्यांचं मनगट धरून. सोडलंच न्हाई तिनं, दवाखान्याच्या पायरीपर्यंत.

मी जिथं काम करतो तिथंच नेलं. ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरसाहेब पट्टी बघता बघताच वरडले, "कॅथ लॅबला सांगा, नस उघडावी लागंल." हार्ट अटॅक. मोठा. साखर असली की छातीत दुखतंच असं न्हाई, गपगुमान येतो. नुसता घाम, दम, जळजळ. सगळं आमच्या पुस्तकात लिहिलेलं हाय, मी स्वतः शिकवलंय.

चाची आल्या, लेक आला उदगीरहून. आम्ही बाहेर बाकड्यावर. संध्याकाळी डॉक्टरसाहेब बाहेर आले, मास्क खाली घेतला अन् म्हणले, "वाचले. नस उघडली. तासभर उशीर झाला असता तर मला सांगता आलं नसतं." चाचींनी आधी ओढणी तोंडाला लावली अन् मग माझ्या पाठीत एक दणका घातला. का घातला ते मला अजून कळलं न्हाई, पण बरं वाटलं.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. तेव्हा कांचन म्हणली, "सर, तुम्ही बोलला म्हणून. मी सोडलंच होतं मनगट."

मी म्हणलो, "मी कुठं बोललो?"

ती हसली. तिला वाटलं, मी मोठेपणा लपवून राहिलो. पण पूजा हसली न्हाई. ती म्हणली, "सर बोलले न्हाईत कांचन. मी त्यांच्या तोंडाकडंच बघत होते. ओठ मिटलेले होते. मी तर उलट त्यांना उठू दिलं न्हाई."

"मग?"

मग काय... सगळ्यांचं सुरू झालं. कोणी मोबाइलवर वाजवलं काय? मोबाइल टोपलीत. खालून कोणी बोललं काय? खाली दुकानात कोणी नव्हतं, अन् खालच्याला काय ठावं की कांचननं मनगट सोडलं? वैभवनं केलं काय? वैभवला स्वतःचा आवाज धड काढता येत न्हाई. तोंड मिटून आवाज काढता येतो काय, असं एकीनं विचारलं. येतो. मला जमतो थोडासा. पण तो नाकातून येतो, अन् जिभेखाली काच असताना तर मुळीच न्हाई. अन् तसा काढला असता तर मला कळलं नसतं काय?

अजून एक गोष्ट मी तेव्हा कोणाला बोललो न्हाई. मी मॅडमचा आवाज काढतो तो फाटका. आम्ही ऐकलेला आवाज फाटका नव्हता. एकदम स्वच्छ, जसा हंडा घासून ठेवलाय. बोलायची ढब मॅडमची. पण गळा... असा गळा मॅडमचा मी कधीच ऐकला न्हाई. माझ्या बॅचला होत्या तेव्हाही त्यांच्या आवाजात जराशी खरखर होतीच.

अन् मग माझ्या डोक्यात ते आलं, जे तुमच्या डोक्यात आत्ता आलं असंल. असल्या गोष्टीत आवाज कुणाचा ऐकू येतो? गेलेल्या माणसाचा.

मी बाहेर पळालो अन् नांदेडला फोन लावला. मॅडमची लेक बोलली. म्हणलो, "ताई... मॅडम?"

"बऱ्या हायेत की. भाजी निवडून राहिल्यात. कामून हो, रडून राहिलात काय?"

रडत नव्हतो. थोडासाच. ताईंनी व्हिडिओ कॉल लावून दिला. समोर मॅडम, गळ्याला पंचा, मांडीवर पाटी अन् खडू. ऑपरेशनला बारा-तेरा दिवस झालेले, मौन चालू. मला बघून भुवया वर केल्या. मी भडाभडा सगळं सांगितलं. चाचा, कांचन, आवाज, सगळं. मॅडम ऐकत होत्या. मग पाटीवर लिहिलं, 'वाचले ना?'

"हाव मॅडम, वाचले."

पाटी पुसली. लिहिलं, 'दुपारी झोपले होते. मला काही माहीत नाही.'

ताई मागून म्हणल्या, "झोपल्याच होत्या, मी शेजारीच होते. हूं का चूं न्हाई." अन् तेरा दिवसात त्यांच्या तोंडून एक अक्षर न्हाई, हे त्यांनी शपथेवर सांगितलं.

मॅडमनी परत पाटी पुसली. ह्यावेळी लिहायला वेळ लावला. मला वाटलं काहीतरी गूढ लिहितील. पाटी वळवली तर लिहिलेलं, 'आधीच्या दोघींनी श्वास किती लिहिला?'

मी मोबाइल जरा खाली धरला.

त्यांनी खडूनं पाटीवर ठोकलं. टक टक.

"अठरा," मी म्हणलो. "अन् मी सही केली मॅडम."

त्यांनी पाटी पुसली, अन् तिच्यावर काहीच लिहिलं न्हाई. नुसती कोरी पाटी माझ्यासमोर धरली. आयुष्यात एवढी मोठी शिवी मला कोणी दिली न्हाई.

चाचा आठवडाभरानं घरी आले. मी विचारलं, तुम्ही आवाज ऐकला का? तर म्हणे, "कौनसा आवाज? मी तर माझ्या छातीचंच ऐकून राहिलो होतो." म्हणजे हॉलमधे ज्याच्यासाठी बोललं, त्यालाच तेवढं ऐकू आलं न्हाई. हेही लिहून ठेवतो, न जाणो कोणाला काही सुचलं तर.

इथपर्यंत मी स्वतःला समजावून राहिलो होतो. मी ते वाक्य दिवसातून वीसदा म्हणायचो, तर सगळ्यांच्या डोक्यातच ते बसलेलं असंल. पोरीनं मनगट सोडलेलं दिसलं अन् सगळ्यांच्या डोक्यात ते एकदम वाजलं. ह्याला काहीतरी नाव असंल इंग्रजीत. मी मान्य करून टाकलं होतं.

महिन्याभरानं मॅडम आल्या. मौन संपून दोन-तीनच दिवस झालेले. अकरा जण उभे राहिले. मॅडम टेबलापाशी गेल्या, पर्स ठेवली, अन् खिडकीकडं बघता बघता म्हणल्या, "बसा."

कोणी बसलं न्हाई.

स्वच्छ. घासलेला हंडा. ऑपरेशननं गळ्यातली सगळी खरखर गेली होती, अन् जो आवाज उरला होता तो... पूजानं माझा दंड असा आवळला की वळ उठले. मी कांचनकडं बघितलं. तिनं मॅडमला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं, पहिल्यांदा ऐकलं होतं. ती एकदम लहान लेकरासारखं बोट करून म्हणली, "सर... ह्याच बोलल्या होत्या."

आता सांगा. त्या मंगळवारी हा आवाज जगात कुणी ऐकलेलाच नव्हता. मॅडमनी पण न्हाई. ज्या डॉक्टरनं गाठ काढली त्याला पण माहीत नव्हतं, आवाज परत येईल तेव्हा कसा येईल. मग नक्कल तरी कोण करणार, अन् कशाची?

मॅडमना विचारलं तर म्हणतात, "मला विचारू नको. मी झोपले होते." अन् पुढच्याच दमात, "तुझा पेशंट कोण हाय आज?" त्यांना त्यात काडीचाही रस न्हाई. चाचा मात्र सगळ्या गिऱ्हाइकांना तिखटमीठ लावून सांगतात. ज्यांनी आवाज ऐकलाच न्हाई ते! रोज सकाळी चालायला जातात, भजी बंद, अन् परवा माझी पँट कमरेत सैल करून दिली वर टोमणा मारून. त्यांना जिन्यात बघितलं की अजून माझी छाती हलकी होते. कधी कधी उगंच खाली जाऊन बसतो दुकानात, मशीन चालू असताना.

मी अजून भूत मानत न्हाई. उमरीतली दोन माझीच होती, ते खरंच हाय. पण ह्याचं उत्तर माझ्याकडं न्हाई. अकरा पोरं-पोरींकडं न्हाई. तुमच्यात कोणाला सुचलं तर जरूर लिहा, चेष्टा केली तरी चालंल, मी त्यातलाच हाय.

फक्त एक. ते दोन कागद मी फाडले न्हाईत. माझी सही असलेले. कपाटात हायेत. प्रॅक्टिकल अजून माझ्याकडंच हाय, नवी बॅच आली की पहिल्या दिवशी ते दाखवतो अन् सगळं सांगतो, आवाजासकट. पोरं विचारतात, सर, मग कोण बोललं? मी म्हणतो, कोण बोललं मला माहीत न्हाई. बोलायचं काम कोणाचं होतं, ते मात्र माहीत हाय. त्या खोलीत मास्तर मीच होतो.